सातवा जोड

बटाट्याची शेवटची ओळ खणून झाली, तेव्हा समोरच्या माणसाचा चेहरा दिसेनासा झाला होता. मदतीला आलेल्या शेजाऱ्यांपैकी वयस्क मंडळी करडे वाटाणे आणि तळलेली डुकराची चरबी खाऊन आपापल्या घरी परतली. लिएपास नावाच्या त्या शेतघराच्या स्वयंपाकघरात, विटांच्या मोठ्या चुलीभोवती, आता केवळ तरुण मुले उरली होती. त्यांच्यासोबत, पाठीला चुलीची ऊब घेत, गुरांचे निवृत्त डॉक्टर तालिवाल्दिसकाका बसले होते. घरधनीण सानिता उद्याच्या न्याहारीसाठी काळा पाव कापत होती.

"सानिताताई," एवीता तळहात एकमेकांवर चोळत म्हणाली, "माझे हात बघा हो, नुसते गारठलेत. तुमच्या गोठ्यात तुळईला काळ्या-पांढऱ्या हातमोज्यांचा एक जोड टांगलाय ना? गाईंना चारा टाकायला जाताना घालू का मी तो?"

सानिताच्या हातातली सुरी पावात अर्ध्यावर थांबली.

"तू त्याला हात लावलास?"

"नाही हो. नुसता पाहिला."

"लावू नकोस."

"का बरं ताई?" नौरिस म्हणाला. तो शहरात संगणकाचे शिक्षण घेत होता आणि दिवसभर त्याने बटाट्यांपेक्षा विनोदच अधिक वेचले होते. "वीज सोडलीय का त्यात?"

मुले हसली. तालिवाल्दिसकाका हसले नाहीत.

"हसा, हसा," ते म्हणाले. "मोद्रिससुद्धा हसायचा." मग त्यांनी घरधनिणीकडे पाहिले. "सानिता, सांगू यांना?"

सानिता उठली. स्वयंपाकघरातून गोठ्याकडे उघडणाऱ्या दाराला तिने आतून कडी घातली, कडी बसल्याची हाताने खात्री केली आणि पुन्हा येऊन बसली.

"सांगा," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली. कधीतरी सांगायलाच हवं."

काकांनी लिंडनच्या फुलांच्या चहाचा पेला दोन्ही हातांत धरला आणि जे सांगितले, ते असे.

मोद्रिस हा त्यांचा शिष्य. शिकून आला, वीस वर्षे त्यांच्या हाताखाली वावरला आणि ते निवृत्त झाल्यावर रौनापासून स्मिल्तेनेपर्यंतच्या साऱ्या गोठ्यांचा डॉक्टर झाला. माणूस तसा साधाच. पण हात असे, की ते पाहण्यासाठी लोकांनी थांबावे. तळवा अरुंद, बोटे लांब आणि ऊब अशी, की बुजरी कालवडसुद्धा त्याच्या स्पर्शाने मान खाली घाली. पोटात आडवे आलेले वासरू तो आतल्या आत इतक्या अलगद वळवी, की गाय रवंथ थांबवत नसे. लोक म्हणत, मोद्रिसचा हात लागला तर बैलसुद्धा विईल. हे ऐकून तो खुशीत हसे आणि म्हणणाऱ्याशी हस्तांदोलन करी. त्याची एक खोड होती: हात हातात घेतला, की तो दोनदा दाबत असे. एकदा नमस्कारासाठी आणि एकदा, तो म्हणे, ओळखीसाठी.

त्या वर्षी, मार्च महिन्याच्या चोवीस तारखेला, रविवारी, रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मोद्रिसचा दूरध्वनी वाजला.

"डॉक्टर, मी लिएपासची सानिता. झीमाला गाय अडलीय. पाणमोट फुटून दोन तास झाले, पण एकच पाय दिसतोय."

"ओढू नकोस. पाणी तापव. निघालोच मी."

त्याने पिशवी उचलली. मग खिशातून काळ्या-पांढऱ्या लोकरीचा एक जोड काढला, अंगठा वेगळा आणि चार बोटे एकत्र राहतील असा, आणि तो हातांत चढवूनच त्याने मोटारीचे दार उघडले. त्या हिवाळ्यात तो जोड घातल्याशिवाय त्याच्याने एक किल्लीसुद्धा फिरवली जात नव्हती.

तो जोड त्याचा नव्हता.

आदल्या ऑगस्टमध्ये, मोठ्या मारादिनाच्या, म्हणजे मारा देवीच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी, सानिताची आजी झेंता वारली होती. वय वर्षे एक्याण्णव. आपल्या मरणाची तयारी तिने स्वतःच करून ठेवली होती. शवपेटी वाहणाऱ्या सहा जणांना द्यायचे हातमोज्यांचे सहा जोड पेटाऱ्यात घडी करून ठेवलेले होते, आणि त्यांच्या तळाशी होता सातवा जोड. त्यावर चिठ्ठी होती. चिठ्ठीत नाव नव्हते. केवळ एवढेच लिहिले होते: 'तिचा'.

मोद्रिस त्या सहा जणांपैकी एक होता. दफनानंतर, पाहुणे जेवायला बसत असताना, सानिताने त्याला बाजूला घेतले.

"डॉक्टर, गाभण गाईला पाहायला तुम्ही गोठ्यात जाणारच आहात. मला पंगत सोडून हलता येत नाही. एवढं काम करा. गाईंना सांगा, आजी गेली म्हणून. आणि हा जोड मधल्या तुळईला, आजीच्या खिळ्यावर टांगा."

"मी सांगू? गाईंना?"

"मग काय कोंबड्यांना? तुम्ही इथलेच ना हो, डॉक्टर? मालकीण बदलली की गुरांना सांगावं लागतं. आणि जोड तर तिचा आहे."

"तिचा" म्हणजे कोणाचा, हे मोद्रिसला सांगावे लागले नाही. गाईच्या सडांत दूध, बाळंतिणीच्या कुशीत बाळ आणि मेलेल्या देहाला माती देणारी मारा. तिचे नाव गोठ्यात मोठ्याने घेत नाहीत. झेंता तिला गोठ्याची मालकीण म्हणत असे. लग्न होऊन आली, तेव्हा झेंताने पहिला जोड त्या खिळ्यावर टांगला होता; जाताना शेवटचा ठेवून गेली. मधल्या बहात्तर वर्षांत तिच्या गोठ्यात एकही गाय विताना मेली नव्हती.

मोद्रिस गोठ्यात गेला. चारही गाई उभ्या होत्या आणि दाराकडे पाहत होत्या. त्याने सांगण्यासाठी तोंड उघडले. पण शिकलेल्या माणसाने गाईंसमोर शोकभाषण करावे, याचे त्याला हसू आले. तो काही बोलला नाही. मग त्याने हातातला जोड पाहिला. इतके बारीक टाके त्याने आजवर पाहिले नव्हते. झेंताला शेवटच्या वर्षी दिसत नव्हते. तिने तो बोटांनीच विणला होता. शेणाच्या वाफेत कसर लागण्यासाठी ही वस्तू टांगायची? केवळ पाहावे, म्हणून त्याने उजवा हातमोजा चढवला.

तो त्याला मापून घेतल्यासारखा बसला.

परत आल्यावर सानिताने विचारले, "टांगलात?"

"टांगला."

"गाईंना सांगितलंत?"

"सांगितलं."

जोड त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होता.

त्याच रात्री त्याचे हात गार पडले. प्रथम त्याने लक्ष दिले नाही. नाताळपर्यंत मात्र ते विहिरीच्या तळासारखे थंड झाले. गरम पाण्यात बुडवले तरी पाणीच निवत असे. वैद्यांनी नाड्या तपासल्या, रक्त तपासले. सारे ठीक होते. त्या लोकरीत असले, तरच हात हातांसारखे वागत. तिच्याबाहेर काढले, की गाई अंग चोरत. फेब्रुवारीत, आयुष्यात प्रथमच, एका म्हाताऱ्या गाईने त्याला लाथ मारली, आणि तिचा मालक खाली मान घालून म्हणाला, "डॉक्टर, रागावू नका... पण तुमचा हात प्रेतासारखा लागतो हो."

मोद्रिसला ते शब्द झोपेतही ऐकू येत. त्याच्याजवळ शेत नव्हते, बायको नव्हती, नाव होते ते या हातांचे. ते गेले, तर मागे काय उरणार होते?

उपाय त्याला ठाऊक होता. लिएपासला जायचे आणि जोड खिळ्यावर टांगायचा. तीन वेळा तो लिएपासच्या वळणापर्यंत गेला आणि तीन वेळा मागे फिरला. टांगायला जाणे म्हणजे सानितासमोर आपण खोटे बोललो, हे कबूल करणे. ज्याच्या शब्दावर लोक गाय विकत घेतात, त्याने एका मेलेल्या म्हातारीचे हातमोजे चोरले, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? आणि दुसरे कारण त्याने पुढे काकांना मान खाली घालून सांगितले: जोड परत दिला आणि हात तसेच राहिले, तर? निदान आज त्यांना ऊब तरी होती.

अशा रीतीने तो त्या रात्री निघाला.

मार्चअखेरचा तो रस्ता म्हणजे बर्फ आणि चिखल यांचा काला. चंद्र अजून उगवला नव्हता. दहा वाजून वीस मिनिटांनी मोटार लिएपासच्या अंगणात शिरली. त्याने दिवे मालवले, जोड काढून आसनाखाली सारला आणि तो बाहेर उतरला. अंगणातल्या बर्च झाडांना रस धरण्यासाठी बादल्या लावल्या होत्या. अंधारात थेंब पडत होते. टिक... टिक... टिक...

मोटारीपासून गोठ्यापर्यंत वीस पावले. तेवढ्यात त्याची बोटे बधिर झाली.

"आलात? देव पावला!" सानिताने दार उघडले. "बघा ना, बाकीच्या तिघी संध्याकाळपासून बसलेल्या नाहीत. रवंथसुद्धा करत नाहीत. नुसत्या उभ्या आहेत."

एकच दिवा होता. त्याचा उजेड झीमालाच्या पाठीपर्यंत पोहोचत होता. पलीकडचे रिकामे खण काळोखात होते. झीमाला गव्हाणीला मान टेकून उभी होती. झेंताने बाटलीने दूध पाजून वाढवलेली ती गाय. तिचे हे तिसरे वेत.

मोद्रिसने बाह्या सारल्या. खांद्यापर्यंत साबण लावला. बादलीतून वाफ निघत होती, पण हातांना पाणी गरम लागले नाही.

"शेपूट धर," तो म्हणाला. "आणि बोल तिच्याशी."

उजवा हात आत गेला. गाय कळवळून हंबरली आणि तिच्या साऱ्या अंगातून शहारा धावला.

"डॉक्टर! तुमचे हात किती गार आहेत!"

"रस्त्यावर थंडी होती."

त्याने डोळे मिटले. हा त्याचा शिरस्ता होता. एक पाय पुढे. दुसरा गुडघ्यात दुमडलेला. डोके मागे वळलेले, बरगडीवर. कठीण होते, पण अशक्य नव्हते. शेकडो वेळा केलेले काम. फक्त बोटांना काही लागायला हवे होते, आणि बोटे लाकडाची झाली होती. त्याने हात कोपरापलीकडे सरकवला. जबडा शोधला. जबडा निसटला. पुन्हा शोधला.

टिक... टिक...

इथेही थेंब? त्याच्या मनात आले. गोठ्याचे छप्पर गळते की काय?

"पाठीवर ठेवायला आज शोधला हो मी," सानिता म्हणाली.

"काय?"

"जोड. आजीचा. गाय अडली की आजी तो खिळ्यावरून काढून गाईच्या पाठीवर ठेवायची. मग सुटायची गाय. आज मी खुर्चीवर चढून सगळ्या तुळया पाहिल्या. खिळा आहे. जोड नाही."

त्याच क्षणी मोद्रिसच्या बोटांना ऊब लागली.

खरीखुरी ऊब. ऑगस्टनंतर प्रथमच. ती बोटांच्या टोकांतून तळव्यात चढली, तळव्यातून मनगटात, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. आले, त्याला वाटले. माझे हात परत आले. मी उगाच घाबरत होतो... त्याने त्या उबेकडे हात आणखी पुढे नेला.

ऊब पुढे आली.

ऊब त्याच्या बोटांवरून फिरली. करंगळीवरून. अनामिकेवरून. मधल्या बोटावरून. प्रत्येक बोट मुळापासून टोकापर्यंत. घाई नव्हती. मग तळव्याची रुंदी. मग अंगठ्याचा घेर.

विणणारी बाई माप घेते, तसे.

तो हात होता.

मोद्रिसने डोळे उघडले. समोर गाईचा पाठकणा. पलीकडे सानिताचा चेहरा. दिवा. सारे जिथल्या तिथे. आणि आत, जिथे वासराशिवाय काहीही असू शकत नाही तिथे, एका बाईचा हात. कामाने राठ झालेला. उबदार. त्याने मोद्रिसचा हात हातात घेतला.

धरला.

"काय लागलं, डॉक्टर?"

"..."

"डॉक्टर?"

"पाय," तो म्हणाला. "वासराचा... पाय."

पकड किंचित आवळली.

टिक... टिक... टिक... आता आवाज जवळून येत होता. पलीकडच्या रिकाम्या खणातून. तो थेंबांचा नव्हता. दोन सुया एकमेकींवर घासल्या, की असा आवाज होतो. त्याची आई विणत असे. त्याला तो ठाऊक होता.

"कुठे टांगला होता हो तुम्ही?" सानिता विचारत होती. तिच्या स्वरात संशय नव्हता, हेच वाईट होते. "मधल्याच तुळईला ना?"

अजून वेळ होता. मोद्रिसने पुढे काकांना हे शपथेवर सांगितले: ती पकड वाट पाहत होती. दुखवत नव्हती. केवळ धरून होती, आई रस्ता ओलांडण्यापूर्वी मुलाचा हात धरते तशी. मोटारीत आहे, एवढे दोन शब्द. सानिताने फार तर शिवी दिली असती. फार तर चार गावांत गोष्ट झाली असती.

त्याने ओठ ओले केले.

"टांगला होता," तो म्हणाला. "उंदरांनी नेला असेल."

पकड आवळली. बोटांची हाडे एकमेकांवर चढली. त्याच्या कपाळावर घाम फुटला.

झीमालाने मान वळवली. मागे वळून तिने त्याच्याकडे पाहिले. बाकीच्या तीन गाईंनीही पाहिले.

टिक... टिक...

"आणि गाईंना सांगितलं होतं ना, डॉक्टर? आजी गेल्याचं?" सानिता गाईच्या पाठीवर गाल टेकून म्हणाली. ती रडत होती. "कारण त्या अजून दाराकडे बघतात हो. रोज संध्याकाळी. तिची वाट बघितल्यासारख्या..."

मोद्रिसने त्या चार जोड डोळ्यांकडे पाहिले.

"सांगितलं," तो म्हणाला.

सुया थांबल्या.

गोठ्यात कसलाच आवाज उरला नाही. श्वासाचासुद्धा नाही.

मग एकच आवाज झाला. दाताने लोकर तोडल्याचा.

पकड सुटली. झीमालाने एक कळ दिली, आणि जे वासरू पाऊण तास वळले नव्हते, ते आपसूक वळले, डोके आणि दोन्ही पाय पुढे करून, एकाच सपाट्यात गवतावर येऊन पडले. कालवड होती. शिंकली. जिवंत होती. झीमाला तिला चाटू लागली. पलीकडच्या तिघी गाई एकदम खाली बसल्या आणि रवंथ करू लागल्या.

"सुटली! डॉक्टर, सुटली!" सानिता हसत आणि रडत होती. "लोक म्हणतात ते काही खोटं नाही. तुमच्या हातांत..."

ती थांबली.

मोद्रिस आपल्या उजव्या हाताकडे पाहत होता. तो मेणबत्तीसारखा पांढरा होता. त्याने मूठ वळण्याचा प्रयत्न केला. बोटे हलली नाहीत. दुखत नव्हते. गारही लागत नव्हते. काहीच लागत नव्हते.

मग त्याने डावा हात उचलून पाहिला.

तोही पांढरा होता.

डावा हात तर आत गेलाच नव्हता.

तालिवाल्दिसकाकांनी चहाचा पेला खाली ठेवला. चहा केव्हाच निवला होता. चुलीतले लाकूड ढासळले, तशी एवीता दचकली.

"रात्री एक वाजून दहा मिनिटांनी सानितानं मला बोलावलं," ते म्हणाले. "याला मोटारीची किल्ली धरता येत नव्हती. मी आलो, तेव्हा तो अंगणात बसला होता, आणि आसनाखाली बघा, आसनाखाली बघा, एवढंच म्हणत होता. मी बघितलं. आसनाखाली काही नव्हतं."

"मग... आता ते कुठे आहेत, काका?" नौरिसने विचारले. त्याच्या स्वरातला विनोद कधीच विझला होता.

"सेसिसला. बहिणीकडे. ती त्याला चमच्यानं भरवते. हात तुटलेले नाहीत, सडलेले नाहीत. दिसायला जसेच्या तसे. टेबलावर असे ठेवलेले असतात, दुसरं कुणी विसरून गेल्यासारखे. मला हे सगळं त्यानं तिथेच सांगितलं, एकदाच. निघताना मी त्याचा हात हातात घेतला. भिजवलेली कणीक बरी. वीस वर्षं जो हात मी ओळखत होतो, तो तिथे नव्हता."

"आणि जोड?" एवीता कुजबुजली. "जोड तर गोठ्यात आहे."

काकांनी सानिताकडे पाहिले. ती पावाच्या कापांवर फडके झाकत होती.

"पहाटे चीक काढायला गेले, तेव्हा होता," ती म्हणाली. "मधल्या तुळईला. आजीच्या खिळ्यावर. ओला होता, आणि त्याला नुकत्याच व्यालेल्या गाईचा वास येत होता. मी घाबरले नाही तेव्हा. मला वाटलं, चला, सापडला. घ्यावा आणि झीमालाच्या पाठीवर ठेवावा. म्हणून हातात घेतला..." तिने फडक्याची कड सारखी केली. "हातमोज्याला मनगटाशी तोंड असतं ना, हात घालायला? त्यांना नाही. दोन्ही विणून बंद केलेत. तीच लोकर, तीच नक्षी, तेच बारीक टाके. गाठ कुठे मारलीय, तेसुद्धा सापडत नाही."

"आजीचे टाके?"

"आजीला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते."

कडी घातलेल्या दारापलीकडे एक गाय उठून उभी राहिल्याचा आवाज आला. मग दुसरी.

"आत... आत काय आहे?" नौरिसने विचारले.

सानिताने भिंतीवरची दुधाची बादली घेतली, दारापाशी जाऊन कडी काढली आणि ती अंधारात गेली. आतून तिचा आवाज आला, हळू, रोजचा. दिवसभरात घरात काय काय घडले, ते ती गाईंना सांगत होती. बटाटे किती निघाले. कोण कोण जेवले. कोण घरी गेले.

"त्या सकाळी सानितानं मला हाक मारून तो दाखवला," तालिवाल्दिसकाका म्हणाले. "मी शिकलेला माणूस. मला वाटलं, बघावं, आत काय कोंबलंय. मी उजवा हातमोजा हातात घेतला. बाहेर गोठवणारी थंडी होती, पण तो उबदार होता. मी तो जरासा दाबला..."

आपला उजवा हात त्यांनी गुडघ्यावरून उचलला आणि कोटाच्या खिशात घातला.

"मग?" एवीताने विचारले. "मग काय झालं, काका?"

"आतून माझा हात कोणीतरी दाबला."

काकांनी गोठ्याच्या दाराकडे पाहिले.

"दोनदा."